व्हीपी म्हणजे बँकेतला दोन नंबर? तसं नसतं

"परदेशी बँकेत व्हाइस प्रेसिडेंट (व्हीपी) झाला, म्हणजे प्रेसिडेंटच्या खालोखाल तोच" असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो, आणि तसं वाटणं साहजिकच आहे कारण उपराष्ट्रपती, उपाध्यक्ष हे शब्द आपल्या कानात बसलेत. पण या बँकांत, खास करून इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये (म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारायला आणि खरेदी-विक्रीच्या सौद्यांत मदत करणारं काम), शिडी साधारण अशी असते की आधी अ‍ॅनालिस्ट, मग असोसिएट, मग व्हीपी, त्याच्यावर डायरेक्टर आणि त्याच्यावर मॅनेजिंग डायरेक्टर. म्हणजे व्हीपी ही मधली पायरी, आणि मोठ्या बँकेत असे व्हीपी हजारांनी असतात, पुण्यात खराडीच्या ऑफिसांत सकाळी एका लिफ्टमध्येच दोन-तीन सापडतील. आणि गंमत म्हणजे तिथला मॅनेजिंग डायरेक्टर पण आपल्या कंपनी कायदा 2013 मधला एमडी नव्हे, तो नुसता हुद्दा, संचालक मंडळावर असेलच असं नाही. एवढी भारी पदवी का, तर क्लायंटला वाटावं की समोरच्याला काहीतरी अधिकार आहे.

चेक करायचं तर बँकेच्या वार्षिक अहवालात संचालकांची यादी बघा, नाव नसतं तिथे. मग जॉब पोर्टलवर व्हीपीच्या जाहिराती वाचा, अनुभव किती वर्षं मागतात ते दिसेलच.

बढती मात्र खरी हो, पेढे मागा बिनधास्त.