कोरियनमध्ये जागा कुठेही सोडली तर चालते?

‘कोरियन लिहिताना शब्दांमध्ये जागा कुठेही सोडा, चालतं,’ असं शिकणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. तसं नाही. ‘आबोजिगा बांगे’ म्हणजे बाबा खोलीत. तीच अक्षरं ‘आबोजि गाबांगे’ अशी तोडली की बाबा पिशवीत! १९३३च्या लेखननियमांपासून तत्त्व हेच: प्रत्येक शब्द सुटा, प्रत्यय मात्र आधीच्या शब्दाला चिकटून. आपल्या ‘घरात’सारखंच, म्हणून मराठी माणसाला ते सोपं जावं असं मला वाटतं. गैरसमज होतो, कारण सहायक क्रियापद काही ठिकाणी जोडलेलंही चालतं. शिवाय ‘मान्खुम’ (इतकं) नाम-सर्वनामाला जोडतात: ‘नोमान्खुम’, तुझ्याइतकं. क्रियापदानंतर मात्र ते सुटं: ‘मोगुल मान्खुम’, खाण्यापुरतं. खात्री करायची तर कोरियन शब्दकोश उघडा. मान्खुमच्या नोंदीत प्रत्यय आणि नाम अशा दोन्ही जाती दिलेल्या दिसतील.