कॅमेरा परत पाठवण्याआधी एवढं वाचा

“दुर्बिणीला कॅमेरा लावला, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. पीस खराब आलाय.” आम्हाला येणारे बरेचसे फोन याच वाक्याने सुरू होतात, आणि तेही रात्री उशिरा. असे परत आलेले कॅमेरे तपासले की बहुतेक ठणठणीत निघतात. म्हणून हे पत्रक.

कॅमेरा चालू आहे की नाही, हे टेबलावरच कळतं. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावा, व्हिडिओची वायर मॉनिटरला जोडा आणि टीव्हीचा रिमोट सेन्सरसमोर धरून बटण दाबा. आमचे कॅमेरे अवरक्त प्रकाशही टिपतात, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा रिमोटचा दिवा पडद्यावर पांढरा लुकलुकेल. तो दिसला, तर कॅमेरा, वायर, अ‍ॅडॉप्टर सगळं ठीक आहे. घोळ दुर्बिणीच्या बाजूला आहे, आणि तो बहुधा फोकसचाच असतो.

आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, तारा टोकदार दिसत होता, मग तिथेच कॅमेरा बसवल्यावर तो गेला कुठे? कॅमेऱ्याचा सेन्सर आयपीसच्या फोकसच्या जागेवर नसतो, बऱ्याचदा सेंटिमीटरभर मागे-पुढे असतो. एफ/५ च्या, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या, दुर्बिणीत फोकस १० मिमी चुकला की ताऱ्याचा ठिपका २ मिमी व्यासाची थाळी होतो. सेन्सर जेमतेम ४.८ × ३.६ मिमीचा. म्हणजे एका ताऱ्याचा प्रकाश सत्तर-ऐंशी हजार पिक्सेलांत वाटला जातो आणि पार्श्वभूमीत विरून जातो. तेजोमेघ तर विचारूच नका. मग लोक गेन (सिग्नल वाढवणारी सेटिंग) वाढवतात, पडदा मुंग्यांनी भरतो, मेन्यूतली प्रत्येक सेटिंग फिरवून होते आणि रात्र वाया जाते. गेन वाढवून फोकस सापडत नाही.

फोकस शोधायचा तो उजेडी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दूरचा एखादा टॉवर धरा, शटर ऑटोवर ठेवा आणि फोकसरची (कॅमेरा बसतो त्या भागाची) सरकती नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चित्र स्पष्ट झालं की नळीवर पेन्सिलने खूण करा. १००० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत किलोमीटरभरावरच्या टॉवरचा फोकस ताऱ्याच्या फोकसपेक्षा फक्त १ मिमी बाहेर असतो. त्यामुळे रात्री खुणेपासून नळी किंचित आत घेतली की काम होतं. शेवटचं जुळवणं मात्र हलक्या हाताने, ठळक ताऱ्यावरच करा. एफ/५ ला तीक्ष्ण फोकसचा पट्टा एक दशांश मिलिमीटरहूनही अरुंद असतो.

खूण झाल्यावर नळी न हलवता कॅमेरा काढा आणि १० मिमीच्या आसपासचा आयपीस घाला. टॉवर स्पष्ट दिसेपर्यंत आयपीस बाहेर ओढा आणि तिथे त्यावर पारफोकल रिंग (आयपीस दर वेळी तेवढाच आत जाऊ देणारं कडं) कसा. आता रात्री आयपीसने वस्तू मधोमध आणायची, आयपीस काढून कॅमेरा घालायचा, की फोकस जवळजवळ तयार. ही रिंग आम्ही प्रत्येक कॅमेऱ्यासोबत देतो. बरेच जण ती सुटा भाग समजून खोक्यातच ठेवतात.

न्यूटोनियनवाल्यांना, म्हणजे आरशाची दुर्बीण असलेल्यांना, एक वेगळी अडचण येते. नळी पूर्ण आत गेली तरी फोकस येत नाही. अशा वेळी बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावा, फोकस बाहेर सरकतो. मुख्य आरसा पुढे घेण्याचाही मार्ग आहे, पण त्यासाठी हात बसलेला हवा. लेन्सच्या दुर्बिणीत बहुतेकदा उलटं होतं. डायगोनल (प्रकाश आयपीसकडे वळवणारा आरसा किंवा प्रिझम) काढल्यावर नळी अपुरी पडते, तिथे एक्स्टेन्शन ट्यूब लागते.

फोकस जमूनही पडदा रिकामा असेल, तर वस्तू चौकटीतच नसते. १००० मिमीला चौकट साधारण १६ × १२ कलांची (६० कला म्हणजे एक अंश) असते, म्हणजे चंद्रसुद्धा अख्खा मावत नाही. देवयानी दीर्घिका तर तीन अंश पसरलेली, तिचा फक्त गाभा दिसेल. अभिजितजवळचा कंकणाकृती तेजोमेघ मात्र छान बसतो. दुर्बिणीला ट्रॅकिंग नसेल तर खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू मिनिटाभरात चौकट ओलांडते. सेन्स-अप (प्रकाश जास्त वेळ साठवणारी सेटिंग) २५६ वर ठेवलं की एक चित्र पाच सेकंदांनी येतं, तेवढ्यात तारे रेघा होतात. ट्रॅकिंगशिवाय चंद्र आणि ग्रहच बघा, आणि गुरूसाठी ऑटो गेन बंद करा. नाहीतर उपग्रह दिसतील आणि गुरू नुसता पांढरा गोळा.

“आता मोठ्या पिक्सेल संख्येचे यूएसबी कॅमेरे मिळतात, तुम्ही अजून हेच का विकता?” असंही विचारतात. सुंदर फोटोच हवे असतील तर ते कॅमेरे चांगले, आम्हीही तसंच सांगतो. आमच्या कॅमेऱ्याला साडेचार लाखांहूनही कमी पिक्सेल आहेत, पण लॅपटॉप लागत नाही आणि जमलेल्या दहा जणांना एकाच पडद्यावर आकाश दाखवता येतं. चंद्राआड तारा जातानाचं पिधान टिपायचं असेल तर जीपीएस टाइम इन्सर्टर जोडून व्हिडिओच्या दर फील्डवर (अर्ध्या चित्रावर), म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, वेळ उमटवता येते.

०.५ चा रिड्यूसर (नाभीय अंतर अर्धं करणारं भिंग) घेतलात तर चौकटीचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेजोमेघ लवकर उठून दिसतो. पण रिड्यूसर लावल्यावर फोकस आणखी आत जातो, म्हणून ऑर्डर घेताना आम्ही दुर्बीण कोणती ते विचारतो. काही न्यूटोनियनवाल्यांना तर घेऊच नका म्हणतो.

कॅमेरा बदलून देण्याआधी आम्ही दिवसाच्या टॉवरचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग मागतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण त्या रेकॉर्डिंगवरून दोष कुठे आहे ते आम्हाला लगेच कळतं, आणि तुमचा कॅमेरा विनाकारण जाण्या-येण्यात अडकत नाही. टोपी लावूनही जागच्या जागी दिसणारे चार-दोन पांढरे ठिपके हा दोष धरत नाही, लांब एक्स्पोजरला ते येतातच. कॅमेरा फिरवला की पडद्यावरची जागा बदलणारे डाग बार्लो किंवा फिल्टरवरच्या धुळीचे असतात, ते ब्लोअरने जातील. सेन्सरपुढची काच मात्र उघडू नका, सील तुटलं की वॉरंटी संपली. आणि दुर्बिणीच्या तोंडावर सौर फिल्टर नसताना कॅमेरा सूर्याकडे वळवला असेल, तर रेकॉर्डिंग पाठवायचीही गरज नाही.