उपवासाला नोबेल नव्हतं मिळालं, मग कशाला मिळालं?

एकादशी जवळ आली की ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो, उपवासाला नोबेल मिळालं म्हणून. असं काही झालेलं नाही. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना मिळालं ते पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते, म्हणजे ऑटोफॅजी, त्याची यंत्रणा शोधल्याबद्दल. आणि ते मूळ काम झालं यीस्टवर, पाव फुगवतो त्याच यीस्टवर. माणसानं किती तास उपाशी राहावं हा विषयच नव्हता त्यात.

ऑटोफॅजी हे नाव 1963 चं, लायसोसोम (पेशीतली पचवणारी पिशवी) शोधणाऱ्या क्रिस्तियां द ड्यूव्ह यांनी दिलेलं. पण कुठले जीन्स हे काम करतात याचा पुढची कितीतरी वर्षं पत्ता नव्हता.

1988 मध्ये ओसुमींनी टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी लॅब सुरू केली. यीस्टच्या पेशीत व्हॅक्युओल नावाची मोठी पिशवी असते, नको असलेला माल तिथं जाऊन विरघळतो, पण इतक्या झटपट की मायक्रोस्कोपखाली काही सापडतच नाही. म्हणून त्यांनी असं यीस्ट घेतलं ज्यात पचवणारी एन्झाइम्सच नाहीत, त्यांचे जीन्स निकामी झालेले, आणि त्याला मिळणारा नायट्रोजन तोडला, म्हणजे उपाशी ठेवलं, कारण आत आलेलं पचलं नाही तर निदान साठेल तरी. अर्ध्या तासात व्हॅक्युओलमध्ये बारीक गोळे, म्हणजे पचायला आलेले पेशीचेच भाग, दिसायला लागले, सतत थरथरणारे, आणि काही तासांत पिशवी गच्च भरली. साध्या लाइट मायक्रोस्कोपवर! मला ही जोडी फार भारी वाटते, नुसतं उपाशी ठेवून हे दिसलं नसतं आणि नुसते जीन्स घालवूनही नसतं.

पुढं त्यांनी उलटं केलं, उपाशी ठेवलं तरी गोळे न करणारे म्यूटंट, म्हणजे जीनमध्ये बिघाड असलेले यीस्ट, हुडकले. 1993 मध्ये त्सुकादा आणि ओसुमींच्या पेपरमध्ये अशा 15 जीन्सचा माग लागला. या म्यूटंटना पोटभर मिळत असेल तर ते छान वाढतात, बिघाड कळतही नाही, पण नायट्रोजन काढला की साध्या यीस्टपेक्षा खूप लवकर मरतात.

हेच नंतर उंदरांत दिसलं, 2004 मध्ये. एटीजी5 हा जीन नसलेली पिल्लं जन्माला येतात, दिसायला जवळपास नॉर्मल, पण नाळेतून येणारं पोषण थांबलं की एका दिवसात जातात. चांगल्या पिल्लांत नेमकी त्याच तासांत ऑटोफॅजी जोरात सुरू होते, आणि या पिल्लांच्या रक्तात मात्र अमिनो ॲसिड्स कमी पडलेली सापडली.