गेले 80 लाख, आदेश 45 लाखांचा: ऑनलाइन फसवणुकीतलं नुकसान कोणाच्या माथी?

ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेऊन माणूस बँकेत गेला की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओटीपी तुम्हीच दिला होता का? उत्तर 'हो' आलं की पुढचं बोलणं जवळपास तिथेच संपतं. या एका प्रश्नाला एवढं वजन आलं त्यामागे साधारण वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा पुण्यात घडलेला आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 ला लागू झाला तेव्हा त्याचा रोख डिजिटल स्वाक्षरी आणि ई-व्यापार यांवर होता. घरबसल्या लुबाडला जाणारा खातेदार त्या मसुद्यात फारसा कुठे दिसत नाही. पुण्यात हा विषय पहिल्यांदा गाजला तो एप्रिल 2005 मध्ये. इथल्या एका कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी चार अमेरिकी खातेदारांना फोनवर बोलण्यात गुंतवून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांवर वळवले. संगणकात कुठेही घुसखोरी करावी लागली नव्हती. पण लुबाडलेले लोक परदेशी, त्यामुळे इथली चर्चा मुख्यतः परदेशातून येणारी कामं हातची जातील का, याच काळजीभोवती फिरत राहिली.

2008 ची दुरुस्ती 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली. दुसऱ्याची ओळख चोरणं (66-क) आणि तोतयेगिरी करून संगणकामार्फत फसवणं (66-ड) हे स्वतंत्र गुन्हे झाले. तपासाचा अधिकार उपअधीक्षकांऐवजी पोलीस निरीक्षकाला मिळाला, म्हणजे तपास निदान ठाण्याच्या पातळीवर आला. 43-अ या कलमाने लोकांची संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीवर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी टाकली. हयगयीमुळे नुकसान झालं तर भरपाई. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून कार्ड न दाखवता होणाऱ्या खरेदीसाठी पडताळणीचा दुसरा टप्पा सक्तीचा झाला. आपल्या रोजच्या ओटीपीचं मूळ तिथे आहे.

या कायद्यातली एक तरतूद मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. पाच कोटींपर्यंतचा भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात न जाता राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालवता येतो. पुणेकरांना त्यासाठी मंत्रालयाच्या खेपा घालाव्या लागत, पण निकाल तुलनेने लवकर लागत. फेब्रुवारी 2013 मध्ये इथूनच एक आदेश निघाला, आणि त्यावर अजूनही दोन तट पडतात.

पुण्यातल्या एका उद्योजकाने बँकेच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलला उत्तर दिलं. त्यानंतर कंपनीच्या खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये दुसऱ्यांच्या खात्यांवर गेले. बँकेचा बचाव अपेक्षित होता: ग्राहकाने स्वतःच माहिती पुरवली, आमची यंत्रणा कुणी फोडली नाही. सचिवांनी हा बचाव अर्धाच मान्य केला. ईमेलला उत्तर देणं ही ग्राहकाची चूक, तेव्हा नुकसानीचा वाटा त्यानेही उचलावा. पण ज्या खात्यांवर पैसा वळला ती उघडून देताना नीट तपासणी झाली नव्हती, आणि हा दोष बँकेचा. बँकेने 45 लाख द्यावेत, असा आदेश झाला.

बँकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, अशाने ग्राहक बेफिकीर होतील. मला हा आदेश त्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, आणि त्याचं कारण केवळ रक्कम नाही. चोरीचा पैसा शेवटी कुठल्या तरी खात्यावरच उतरतो. ते खातं कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं, त्यात एरवी किती उलाढाल असते, एका दुपारी अचानक लाखो रुपये येऊन लगेच बाहेर कसे गेले, हे फक्त बँकेलाच दिसू शकतं. ग्राहकाला दिसतो तो एक ईमेल. आज ज्यांना 'म्यूल अकाउंट' म्हणतात आणि ज्यांच्या मागे सगळी यंत्रणा लागली आहे, त्या भाड्याच्या खात्यांकडे या आदेशाने 2013 मध्येच बोट दाखवलं होतं.

पण हा मार्ग पुढे रुंदावला नाही. अशा आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या दिल्लीतल्या न्यायाधिकरणाला 2011 च्या मध्यापासून अध्यक्षच नव्हता. 2017 मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन झालं, तोवर ही खुर्ची रिकामीच होती.

त्याच वर्षी, 6 जुलै 2017 ला, रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिला. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाला काहीच सोसायचं नाही. दोष दोघांचाही नसून तिसऱ्याचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10 हजार. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. इथपर्यंत ग्राहकाला अनुकूल. मेख पुढे आहे: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पासवर्ड-ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. मंत्रालयातल्या त्या आदेशात वाटणी होती, इथे वाटणीला जागाच उरली नाही. काउंटरवरच्या त्या पहिल्या प्रश्नाला धार आली ती इथून.

पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 2018 च्या शनिवारी, गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या एका जुन्या सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून बनावट कार्डांनी 28 देशांतून पैसे काढले गेले. 13 तारखेला आणखी 13.92 कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण फटका 94.42 कोटींचा. गुन्हा चतुःश्रृंगी ठाण्यात नोंदवला गेला आणि एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. खातेदारांना झळ लागली नाही, हे बँकेच्या श्रेयाचं. पण एवढी मोठी संस्था स्वतः गाफील सापडू शकते, हे पाहूनही एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या गाफीलपणाचं माप काही बदललं नाही.

दरम्यान चोरीची रीत बदलली. वीजबिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला लाइट जाईल, अशा मेसेजपासून सुरुवात झाली. मग गॅसबिल, वाहनाचं चलन, लग्नपत्रिका या नावांच्या एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या, फाइल व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. फाइल उघडली की फोन एकदा इशारा देतो, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. ती दिली की ॲपचं चिन्ह पडद्यावरून गायब होतं आणि येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. बँकेच्या नोंदीत मात्र सगळं बिनचूक: पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर. या माणसाने ओटीपी दिला म्हणायचा की त्याचा चोरला म्हणायचं? 2017 चा नियम यावर थेट काही सांगत नाही.

न्यायालयांनी ही फट थोडी बुजवली. फसव्या फोननंतर ॲप डाउनलोड केल्याने 94 हजार रुपये गमावलेल्या आणि चोवीस तासांत तक्रार केलेल्या ग्राहकाला पैसे परत देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये कायम ठेवला. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे तोतया पोलीस फोनवरून अटकेची भीती घालतात तेव्हा, तर घाबरलेला माणूस स्वतःच शाखेत जाऊन आरटीजीएसने पैसे पाठवतो, त्याला 2017 चा नियम लागूही होत नाही. तिथे भरवसा 1930 या हेल्पलाइन क्रमांकाचा. 2021 पासून चालू असलेली ही व्यवस्था पैसा पुढे सरकण्याआधी तो गोठवते. पहिल्या तासाभरात फोन केला तर उपयोग, नंतर केला तर तोवर पैसे पाच-सहा खाती फिरून आलेले असतात.

हेरगिरीचा मुद्दा याहून नाजूक. जानेवारी 2018 मध्ये विश्रामबाग ठाण्यात नोंदवलेल्या एका गाजलेल्या गुन्ह्यातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर हे मालवेअर होतं आणि त्याच्या वाटे फाइल घुसवल्या गेल्या, असा अहवाल बचाव पक्षाने नेमलेल्या अमेरिकी प्रयोगशाळेने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण तेव्हापासून पुण्यात 'स्पायवेअर', म्हणजे हेरगिरीचं सॉफ्टवेअर, म्हटलं की फक्त चोर डोळ्यांसमोर येत नाहीत. नोव्हेंबर 2025 च्या शेवटी फसवणूक रोखण्यासाठी प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारी ॲप आधीच घालण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, त्यामागेही हाच अविश्वास होता.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल 24 ऑगस्ट 2017 चा. त्यावर उभा राहिलेला व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. माहिती सांभाळण्यात कुचराई केली तर 250 कोटींपर्यंत दंड, पण तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. नुकसान झालेल्याला भरपाई मागण्याची वाट देणारं जुनं 43-अ कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे.