सुरुवातीच्या इस्लामी खुतब्यातला युक्तिवाद

खुतबा म्हणजे जमावापुढे उभं राहून केलेलं भाषण. आपल्याकडे हा शब्द शुक्रवारच्या नमाजामुळे, नाहीतर इतिहासाच्या पुस्तकातल्या 'अमक्याच्या नावाने खुतबा वाचला' ह्या वाक्यामुळे माहीत असतो, पण सातव्या शतकात अरबस्तानात आणि इराकात धर्म, राजकारण, सरळसरळ धमकी, सगळं ह्याच वाटेने चालायचं. बोलणारा काठी नाहीतर धनुष्य टेकून उभा, हातात कागद नाही, म्हणजे जे पटवायचं ते कानातूनच.

मुख्य हत्यार जोडवाक्यांचं. एकाच साच्यातली दोन छोटी वाक्यं, शेवटी यमक, ह्याला सज म्हणतात. ही रीत इस्लामच्या आधीची. मक्केजवळच्या उकाजच्या बाजारात कुस इब्न साइदा नावाचा इस्लामच्या आधीचा वक्ता बोलला असं सांगतात, 'मन आश मात, व मन मात फात', जो जगला तो मेला, जो मेला तो गेला. पुरावा म्हणाल तर काहीच नाही, पण यमक जुळलं की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते.

६३२ सालच्या शेवटच्या हजमधे पैगंबरांनी आधी प्रश्न विचारले, आज दिवस कुठला, महिना कुठला, जागा कुठली? लोकांना हे तिन्ही पवित्र आहे हे मान्यच होतं, मग ह्यांच्याइतकंच तुमचं एकमेकांचं रक्त आणि मालमत्ताही पवित्र, असं सांगितलं. नवी गोष्ट जुन्या श्रद्धेला बांधून टाकायची, मला तरी ही सगळ्यात हुशार पद्धत वाटते.

ठरलेली सुरुवात म्हणजे अल्लाची स्तुती, मग 'अम्मा बाद', म्हणजे 'तर आता', आणि मग मुद्दा. ६६५ मधे इराकातल्या बसऱ्यात तिथला नवा सुभेदार झियाद इब्न अबीहीने स्तुतीच गाळली, म्हणून त्या खुतब्याचं नाव पडलं बतरा, शेपूट तुटलेला. त्यात तो म्हणतो, जो लोकांना बुडवेल त्याला आम्ही बुडवू, जो जाळेल त्याला जाळू. गुन्हा आणि शिक्षा एकाच क्रियापदात, त्यामुळे शिक्षा क्रूर असली तरी हिशोब चुकता झाल्यासारखा वाटतो.

हे सगळं बऱ्याच नंतर कागदावर आलं, नवव्या शतकातल्या जाहिजसारख्या अरबी लेखकांनी जमवलं, त्यामुळे शब्द न् शब्द तेव्हाचाच असं धरून चालू नये. इराकचा सुभेदार हज्जाज, त्याची गोष्ट तर खास रंगवलेली वाटते. ६९४ मधे तो इराकातल्या कूफा शहरात पागोट्याने तोंड झाकून मिंबरावर, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावर चढला आणि बराच वेळ गप्पच बसला, खाली एकाने मारायला खडे उचलले, मग हज्जाज बोलायला लागला, 'डोकी पिकलेली दिसतायत, तोडणीची वेळ झालीय', आणि त्या माणसाच्या हातातले खडे गळून पडले.