तक्रार सिद्ध झाली म्हणजे डॉक्टरचा परवाना जातोच असे नाही

अमेरिकेत डॉक्टरविरुद्धची तक्रार सिद्ध झाली की परवाना रद्द होतो, आणि तसे झाले नाही तर वैद्यकीय मंडळाने त्याला पाठीशी घातले, असा समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे. तो चुकीचा आहे.

तेथे परवाना केंद्र सरकार नव्हे, तर त्या त्या राज्याचे मंडळ देते. राज्यांचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्येच मान्य केला. तक्रार अधिकारकक्षेत येते का हे मंडळ आधी पाहते (बिलाचे वाद बहुधा येथेच गळतात), मग रुग्णाची कागदपत्रे मागवून सहसा त्याच विषयाच्या तज्ज्ञाकडून तपासून घेते. डॉक्टरला नोटीस, सुनावणी आणि न्यायालयात दाद मागण्याची संधी द्यावीच लागते. मात्र रुग्णांना तातडीचा धोका दिसल्यास सुनावणीआधीही परवाना निलंबित करता येतो.

पुष्कळ प्रकरणे मंडळ आणि डॉक्टर यांच्या संमतीने निघालेल्या आदेशाने मिटतात. त्यात ताकीद, दंड, ठरावीक मुदतीची देखरेख किंवा विशिष्ट औषधे लिहून देण्यास मनाई असू शकते. मंडळांच्या दिरंगाईवरची टीका अनेकदा रास्त असते, पण सौम्य आदेश म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे: ताकीद व देखरेखीसारखे आदेश १९९० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय नोंदसंग्रहात जातात, आणि रुग्णालयांना डॉक्टरची नेमणूक करताना व त्यानंतर दर दोन वर्षांनी तो तपासणे कायद्याने बंधनकारक आहे. सर्वसामान्यांना हा संग्रह खुला नाही. त्यांनी राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव शोधावे. नुकसानभरपाई मात्र मंडळ मिळवून देत नाही; त्यासाठी स्वतंत्र दिवाणी दावाच करावा लागतो.