नर्सिंगची अर्धी पोस्टिंग पुतळ्यावर केली तर चालेल का?

नर्सिंगची मुलगी वॉर्डात पोस्टिंगला गेली की तिला काय बघायला मिळेल हे बरंचसं नशिबावरच असतं. एखादीच्या ड्युटीत बाळंतपणानंतर जोरात ब्लीडिंग सुरू झालेली पेशंट येते, दुसरी अख्ख्या कोर्सभर बीपी, टेम्परेचर आणि बेड मेकिंग यातच राहते, कारण पेशंट खरंच सिरियस झाला की स्टुडंटला बाजूला व्हायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे, तिथे जीव महत्त्वाचा. पण स्टाफ नर्स झाल्यावर तसाच पेशंट पहिल्यांदा समोर आला तर बाजूला व्हायची सोय नसते ना!

म्हणून सिम्युलेशन लॅब आल्या, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर सराव करायच्या लॅब. तिथला मॅनिकिन म्हणजे साधा पुतळा नाही, त्याची नाडी लागते, छाती वरखाली होते, स्टेथोस्कोप लावला की श्वास ऐकू येतो, आणि काचेमागे बसलेल्या मॅडम त्याचं बीपी हवं तेव्हा पाडू शकतात.

मग वॉर्डातले किती तास लॅबमध्ये हलवले तर चालतील? अमेरिकेत नर्सिंग लायसन्सची परीक्षा चालवणाऱ्या राष्ट्रीय कौन्सिलने हे 2011 पासून 10 नर्सिंग प्रोग्राममध्ये तपासलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे स्टुडंट्सचे तीन गट केले, एका गटाला सिम्युलेशन जास्तीत जास्त 10 टक्के, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 50. 2013 पर्यंत 666 जण शेवटपर्यंत टिकले. नॉलेज, क्लिनिकल स्किल, लायसन्स परीक्षा, कशातच तिन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही, आणि नोकरीला लागल्यावर 6 आठवडे, 3 महिने, 6 महिने अशा टप्प्यांवर त्यांच्या मॅनेजरांना विचारलं तरी नाही. 2014 मध्ये हे छापून आलं.

पण हे नुसतं मॅनिकिनमुळे झालेलं नाही!! तिथल्या शिक्षकांना आधी ट्रेनिंग दिलं होतं आणि प्रत्येक केसनंतर डिब्रीफिंग व्हायचं. माझ्या मते खरी गोष्ट ती आहे. म्हणजे केस संपली की सगळ्यांनी बसायचं, आणि शिक्षकांनी 'तुझं चुकलं' असं न म्हणता विचारायचं, बीपी पडताना दिसलं तेव्हा तू काय विचार केलास, आधी सलाईन वाढवावं असं का वाटलं, डॉक्टरांना कॉल कधी करायचा होता? मुलगी बोलायला लागली की तिचा विचार नेमका कुठे अडकला ते तिचं तिलाच दिसतं. भरलेल्या वॉर्डात सिस्टरकडे यासाठी वेळ कुठून येणार.

म्हणून आपल्याकडे कुठल्या कॉलेजने महागडी लॅब दाखवली तर मॅनिकिनची किंमत विचारू नका, डिब्रीफिंग कोण घेतं आणि त्यांनी त्याचं ट्रेनिंग घेतलंय का ते विचारा. आणि 50 टक्क्यांच्या पुढे काय होतं हे या रिसर्चने तपासलेलंच नाही, 50 टक्केवाल्या गटातल्या मुलांनीही बाकीचे निम्मे तास खऱ्या पेशंटजवळच काढले होते, त्यामुळे याच्या जोरावर कुणी वॉर्ड पोस्टिंग बंद करायचं म्हणत असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा.